एक कवेलू

अमरावतीच्या डॉक्टरनं दम्यानं बेजार झालेल्या सहदेवसाठी रबरी फुग्याचा मुखवटा दिला आणि त्याच्या बायकोला, पार्बताबाईला बजावलं, "बाई, फुगा तुम्हीच दाबायचा. जिथं बसाल तिथलीच हवा यांच्या छातीत जाईल. अंगणातच बसा."

भातकुलीला एसटीतून उतरून घरी आल्याबरोबर तिनं नवऱ्याची खाट थेट चुलीपाशी ओढली.

"इथं काहून?" सहदेव धापा टाकत म्हणाला.

"धूर जायाले छताचं एक कवेलू काढा म्हून तीस वर्सं मांगं लागली तुमच्या. तुमी म्हनत होते, बाईमानसाले सवय होते. मंग गड्याले बी होईन."

तिनं मुखवटा त्याच्या तोंडावर घट्ट बसवला, चूल पेटवून तीत कपाशीची ओली पऱ्हाटी सारली आणि सावकाश फुगा दाबायला घेतला.