तीन मिलिमीटर

उरलेला सिलिंडर कपाटात टाकण्याआधी मिस्त्रीने सवयीने त्याचं माप घेतलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

दोन भंगार ट्रकांतून त्याने ब्रेकचे तीन सिलिंडर काढून आणले होते. एका ट्रकमधून जोडी, आतून पंचवीस मिलिमीटर व्यासाची. दुसऱ्यातून एक सुटा, अठ्ठावीसचा. बाहेरून तिन्ही सारखेच दिसायचे. भावोजींच्या जुन्या ट्रकच्या पुढच्या चाकांना जोडी बसवायची आणि सुटा ठेवून द्यायचा, असं ठरलं होतं. म्हणजे अठ्ठावीसचा उरायला हवा होता. हातात होता तो पंचवीसचा.

सुटा कुठे गेला तेही त्याला आठवलं. डाव्या चाकात. ते चाक त्याने गिऱ्हाइकाशी फोनवर बोलता बोलता बंद केलं होतं.

तीन मिलिमीटर. जोरात ब्रेक दाबला की डावं चाक जास्त धरणार आणि गाडी डावीकडे ओढणार. रिकामा ट्रक आवारात फिरवला तेव्हा ते जाणवलं नव्हतं. आता त्यात काठोकाठ फरशा होत्या. भावोजी चालवत होते, शेजारी ताई बसली होती. आणि नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या डाव्या अंगाला दरी होती.

त्याने ताईला फोन लावला. पहिल्यांदा लागलाच नाही. दुसऱ्यांदा वाजत राहिला.

"बोल रे बाळ्या! शंभर वर्षं आयुष्य आहे तुला," ताई म्हणाली. "आत्ता तुझंच कौतुक चाललं होतं. हे म्हणतात, नुसता पाय टेकवला तरी गाडी ऐकते."

"कुठे आहात?"

"उतारावर. पहिलं वळण गेलं बघ आत्ताच."

नवे ब्रेक आहेत, जरा जपून चालवा, एवढंच सांगावं असं क्षणभर त्याच्या मनात आलं. मागे इंजिनाचा आवाज चढत होता.

"ताई, माझी चूक झालीय. डाव्या चाकात भलताच सिलिंडर बसवलाय मी. जोरात ब्रेक मारला तर गाडी दरीकडे जाईल. भावोजींना सांग, पाय जोरात दाबू नका."

ताईने त्याचे शब्द जसेच्या तसे नवऱ्याला सांगितले. आवाज तिचा नव्हताच जणू.

"हे म्हणतात, मघाशी वळणावर जरा ओढली होती. त्यांना वाटलं रस्त्याचा दोष."

"गिअर कुठला आहे?"

"तिसरा."

"दुसऱ्यात घ्या म्हणावं. आत्ताच, वेग चढायच्या आत. ब्रेक लावायचा तो हलका, टेकवायचा आणि सोडायचा. स्टिअरिंग घट्ट धरा, किंचित उजवीकडे."

गिअरचे दाते घासल्याचा कर्कश आवाज आला. गिअर पडला नाही. पुन्हा घासले. मिस्त्रीने डोळे मिटून घेतले. मग इंजिन एकदम विव्हळलं आणि त्याला कळलं की दुसरा पडला.

"पडला," ताई म्हणाली. "पण बाळ्या, दुसरं वळण दिसतंय. समोरून काही येतंय का ते कळत नाही."

"उजवीकडे डोंगराच्या कडेला चर आहे ना?"

"आहे."

"वळणाच्या आधीच उजवी चाकं त्यात घाला. हॉर्न सोडू नका. चरात गेल्यावर हँडब्रेक ओढा."

"उलट्या बाजूला?"

"हो ताई. उलट्या बाजूला."

हॉर्न सुरू झाला. भावोजी काहीतरी ओरडले. फोन कशावर तरी आपटला. मग खूप वेळ नुसतं खडखडणं, फरशांचं आणि दगडांचं, आणि त्यात हॉर्न. मिस्त्री बाकाची कड धरून उभा होता. "ताई," तो म्हणाला. "ताई. ताई, बोल ना गं."

हॉर्न थांबला.

"थांबली," ताई म्हणाली. आणि मग ती रडायला लागली.

मिस्त्री जॅक, पाने, ब्रेक ऑइल आणि तो उरलेला सिलिंडर घेऊन पोचला तेव्हा ट्रक डोंगराला खेटून उभा होता. उजवा आरसा चेपला होता. भावोजी खाली बसले होते, हात गुडघ्यांवर, तळवे वर. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ताईने मात्र त्याला पाण्याची बाटली दिली.

ट्रक रिव्हर्समध्ये हळूहळू चराबाहेर आला. चाकांना दगड लावून त्याने डावं चाक उघडलं, अठ्ठावीसचा काढला, जोडीतला बसवला. ब्रेकच्या लाइनमधली हवा काढली. मग उजवं चाकही उघडून माप घेतलं, एकदा नव्हे, तीनदा. दोन तास गेले.

हात पुसत तो उठला, तेव्हा भावोजींनी किल्ली त्याच्यापुढे धरली.

"उतार तू उतरवायचास. मी कडेला बसतो."

"भावोजी, तुम्ही पायी या. ताईलाही घ्या. खाली पोचलो की फोन करतो मी."

"मी काय म्हणालो?"

मिस्त्री वर चढला. भावोजी दरीच्या बाजूला बसले. दोघांच्या मधे, कुणी बोलवायची वाट न बघता, ताई येऊन बसली आणि तिने पदर खोचला.

त्याने इंजिन सुरू केलं. पहिला गिअर टाकला. ट्रक हलला आणि काचेतून अख्खं वळण समोर आलं. त्याचा पाय ब्रेकच्या वर अधांतरी होता. खाली टेकवायचा त्याला धीर होईना.

"दाब," ताई पुढे बघत म्हणाली. "आम्ही बसलोय ना."