टेमरचा शब्द

"प्यायली होती ती," मुकादम क्रॅबट्री म्हणाला. "स्वतःच्या तोंडानं बोलली. मी शेजारीच उभा होतो."

गुत्त्याच्या माडीवर पंच दाटीवाटीनं बसले होते. शेजारच्या खोलीत, चादरीखाली, चौदा वर्षांची टेमर हर्स्ट. आदल्या दिवशी लोकरीच्या गिरणीत ती चालत्या पट्ट्यावर कोसळली आणि पट्ट्यानं तिला यंत्रात ओढून नेलं. मृत्यूचा तपास करायला वेकफील्डहून कोरोनर आला होता. पोरगी दारू प्यायली होती असं ठरलं, तर दोष तिचाच. पट्टा तसाच उघडा राहणार होता, आणि सोमवारी तिची धाकटी बहीण त्याच यंत्रावर उभी राहणार होती.

"पडायच्या आधी नेमकं काय म्हणाली?" कोरोनरनं विचारलं.

"फॉर... फॉरड्रंकन, असंच काहीसं. झिंगलेय म्हणाली."

"फॉरस्वंक म्हणाली असेल," मागून टेमरची आई केझाया बोलली. शाल छातीशी घट्ट धरून ती उभी होती. "आमच्या घरात म्हणतात तसं, साहेब. म्हणजे लई राबून गळाठलेली."

"आई आहे," क्रॅबट्री म्हणाला. "ती दुसरं काय सांगणार?"

दोघं-तिघं पंच हसले.

कोरोनरनं असा शब्द कधी ऐकला नव्हता. त्यानं खोलीभर नजर फिरवली. "पाद्रीसाहेब, तुम्ही म्हणे या भागातले जुने शब्द गोळा करता. आहे असा शब्द?"

पाद्री थ्वेट खिडकीपाशी बसले होते. त्यांच्या समोर गिरणीमालक ऑल्डरॉइड. चर्चचं गळकं छप्पर त्याच्याच पैशानं नवं होत होतं आणि अजून अर्धं बाकी होतं. ऑल्डरॉइड हॅट गुडघ्यावर ठेवून पाद्र्यांकडे नुसता बघत राहिला.

थ्वेट यांनी 'मला ठाऊक नाही' एवढं म्हटलं तरी भागत होतं. तेच ओठांवर आलंही.

"आहे," ते म्हणाले. "फार जुना शब्द. शब्दाच्या सुरुवातीला 'फॉर' लागलं, की गोष्ट हद्दीबाहेर गेली असं समजायचं. फॉरड्रंकन म्हणजे पिऊन पिऊन वाया गेलेला. स्वंक म्हणजे राबणं. फॉरस्वंक म्हणजे राबून राबून पार संपलेला."

"दोन्हींत घोळ होऊ शकतो?"

"ऐकणाऱ्याचा होईल," थ्वेट म्हणाले. "बोलणारीचा नाही."

ऑल्डरॉइड उठला. हॅट डोक्यावर चढवून, कुणाकडे न बघता जिना उतरून गेला. क्रॅबट्री आपल्या बुटांकडे बघत बसला. पंचांना मग फार वेळ लागला नाही. दोष गिरणीवर आला. पट्ट्याला जाळी बसेपर्यंत यंत्र बंद.

जिन्यावर लोक थ्वेटना वाट करून देत होते. पंचांतल्या लोहारानं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "मोठ्या छातीचं काम केलंत, पाद्रीसाहेब." थ्वेट यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटत होतं. खाली दाराशी केझाया उभी होती. आभार मानायला थांबली असेल, असं त्यांच्या मनात आलं.

"अर्थ ठाऊक होता म्हणायचा तुम्हाला," ती म्हणाली.

"हो."

"गेल्या रविवारी प्रार्थनेत डुलकी लागली म्हणून तुम्ही पोरीला उभं केलंत. ती म्हणाली, मी फॉरस्वंक आहे. तुम्ही केवढे खूश झालात. पुन्हा म्हण, पुन्हा म्हण, असं करून सगळ्यांदेखत वदवून घेतलंत आणि हसत हसत तिला सफरचंद दिलंत." केझायाचा आवाज चढला नाही. "रडत होती. घरी जाताना मीच तिची समजूत घातली, पाद्रीसाहेबांना आपली भाषा कळत नाही गं."