समोरचं माणूस

खांद्यात काहीच नव्हतं. अवंतिकानं अनेकांतचा हात वर उचलून पाहिला, मागं वळवला, कोपरातून फिरवला. एमआरआयची फिल्म पुन्हा एकदा उजेडाला धरली. राजारामपुरीत तिचं फिजिओथेरपीचं क्लिनिक सुरू होऊन वर्ष होत आलं होतं, पण इतका धडधाकट खांदा तिनं या टेबलावर पाहिला नव्हता.

"दुखतं कुठं नेमकं?"

"आत," अनेकांत म्हणाला. "चेंडू सोडायच्या वक्ताला."

"खोटं बोलतोय त्यो." कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आवाज आला. पन्नाशीच्या त्रिशलाबाई पदर सावरून ताठ बसल्या होत्या. "दुखत न्हाय आनि काय न्हाय. टाकाय नगं म्हणून दुखतंय त्याचं."

"आक्का, तुम्ही गप्प बसा की जरा."

"लई दिस गप बसले."

अवंतिकाला हसू आलं. आजऱ्याला तिची आई डॉक्टरसमोर अशीच बोलायची.

अनेकांत बेसबॉल खेळायचा. पिचर होता. क्रिकेटसारखा टप्पा या खेळात नसतो; पिचरच्या हातून सुटलेला चेंडू सरळ हवेतून बॅटरच्या समोरून त्याच्यामागं बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये शिरतो. कोल्हापुरात त्याच्याइतका वेगवान हात दुसरा नाही, असं म्हणायचे. राज्याच्या संघातून खेळला, देशाच्या शिबिरापर्यंत पोचला आणि अचानक थांबला. दोन वर्षं चुलत्याच्या फरशीच्या दुकानात बसून होता. आता रविवारी राज्याची निवड चाचणी होती. वय सरत चाललं होतं. ही चुकली तर पुढची येईल याचा भरवसा नव्हता.

"आईंना बाहेर बसवू का?" अवंतिकानं हळूच विचारलं. "मोकळेपणानं बोलता येईल."

अनेकांतनं आक्कांकडं पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"नको," तो म्हणाला. "त्यांच्यासमोरच बोलतो."

मग त्यानं सांगितलं. दोन वर्षांपूर्वीची फायनल. समोर बॅटर होता जिनेश. दोघं एकाच मैदानावर खेळ शिकलेले, एका ताटात जेवलेले. त्या दिवशी तेवढे वेगळ्या संघांत होते.

"बॅटरपुढं जमिनीत पांढरी प्लेट असते, जिनेश तिला चिकटून उभा राहायचा. त्याला मागं सरकवायला म्हणून चेंडू अंगाकडं आत घातला. सगळेच पिचर घालतात. तो मागं सरलाच नाही. हेल्मेटच्या खाली, कानामागं लागला. उठून बसला, हसला, मला म्हणाला, काय न्हाय रे, टाक तू. चालत बाहेर गेला. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यातनं परत आलाच नाही."

खाली रस्त्यावर एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली.

"मुद्दाम न्हवतं केलेलं," आक्का शांतपणे म्हणाल्या. "सगळ्यास्नी ठाऊक हाय. ह्यालाच तेवढं पटंना झालंय."

"जाळीत टाकतो मी," अनेकांत म्हणाला. "पण समोर माणूस उभं राहिलं, की हात खाली येतो."

अवंतिका म्हणाली, की यावर तिच्याकडं इलाज नाही, हे काम समुपदेशकाचं आहे. आक्कांनी मान डोलावली. "तिकडं बी नेलतं. तुमी उद्या सकाळी ग्राउंडवर या डॉक्टरीणबाई. हात मोडला-बिडला तर बघाय कोनतर पायजे."

दुसऱ्या दिवशी अवंतिका गेली. ऊन कोवळं होतं. आदर्श नावाचा कॅचर प्लेटमागं उकिडवा बसला होता आणि अनेकांतचे चेंडू त्याच्या ग्लोव्हमध्ये थाडथाड आदळत होते. खांदा कुठंही अडत नव्हता.

"आता बॅटर येऊ दे," आदर्श ओरडला.

आक्का उठल्या. पदर कमरेला खोचला, बाकावरचं हेल्मेट डोक्यावर चढवलं, बॅट घेतली आणि जाऊन प्लेटला चिकटून उभ्या राहिल्या.

अवंतिका धावली. "अहो, काय करताय? चेंडू मोटारीच्या वेगानं येतोय!"

"व्हय की. ठाऊक हाय मला. तुमी बाजूला थांबा."

अनेकांतनं चेंडू खाली टाकला होता. "आक्का, बाजूला व्हा."

"न्हाय हुनार."

"पाया पडतो तुमच्या."

"पाया पडू नगंस. टाक."

तो पिचरच्या मातीच्या उंचवट्यावर मटकन खाली बसला. डोकं गुडघ्यांत घातलं. आक्का हलल्या नाहीत. बॅट धरून हाताला रग लागली, तेव्हा ती खांद्यावर टेकवली, आणि तशाच उभ्या राहिल्या. ऊन तापायला लागलं. आदर्शनं उठू का म्हणून विचारलं, तर त्याच्यावरच डाफरल्या.

बऱ्याच वेळानं अनेकांत उठला. चेंडू पँटला पुसला. हात मागं गेला आणि सुटला.

चेंडू आक्कांच्या छातीसमोरून गेला. थाड! पदर तेवढा हलला.

"म्हातारीला टाकल्यागत टाकू नगंस," आक्का म्हणाल्या. "जोरात टाक."

दुसरा आला. तिसरा आला. मग तो थांबेचना. चेंडू दिसेनासा झाला, नुसता आवाज ऐकू यायला लागला. आदर्शनं हात झटकत शिवी हासडली, तेव्हा अनेकांत मोठ्यानं हसला. रविवारी हा पोरगा खेळणार, हे अवंतिकाला तिथंच कळलं.

तिनं आक्कांना बाकावर आणून बसवलं, पाण्याची बाटली दिली.

"धन्य आहे तुमची," अवंतिका म्हणाली. "पोटच्या पोरावर इतका विश्वास एक आईच टाकू शकते."

आक्कांनी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. उंचवट्यावर हसत उभ्या असलेल्या अनेकांतकडं बघत त्या घोटभर पाणी प्याल्या.

"अनेकांत माझा न्हवं, डॉक्टरीणबाई," त्या म्हणाल्या. "माझा जिनेश."