औषधाची तांबी

"पुढची," पडद्याआडून हाक आली. वेतूरिया एक पाऊल पुढे सरकली.

गिरणीच्या दवाखान्यात बायका भिंतीला टेकून रांगेत उभ्या होत्या. सरकारला मुलं हवी होती. संततिनियमनाच्या साधनांवर बंदी, गर्भ पाडला तर तुरुंग, आणि वरचेवर ही तपासणी. "घरात डोकावायला शेजारणी होत्याच," मागून परास्कीवा पुटपुटली, "आता पोटात डोकावायला सरकार आलं." कुणी हसलं नाही.

वेतूरियाला तीन मुलं होती. तिची धाकटी बहीण चोरून गर्भ पाडायला गेली, ती घरी आली नाही. त्यानंतर वेतूरियानं हंगेरीतून माल आणणाऱ्या इलोन्कामावशीकडून तांबी घेतली, तिच्याच स्वयंपाकघरात बसवून घेतली. तेव्हापासून पाळी म्हणजे नुसता पूर. मागापाशी उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची.

"तांब्यानं गर्भाशय चिडतं गं, रक्त तिकडेच धाव घेतं," मावशी म्हणाली होती. "आता दुसरी निघालीय, औषधाची. तिनं आतलं अस्तर पातळ होतं, रक्त हळूहळू आटतं. पण महाग आहे हो." वेतूरियानं आईचे कानातले देऊन पहिली काढून ती बसवून घेतली. पूर काही लगेच ओसरला नाही. पण वसंत लागला आणि पाळी आलीच नाही. पुढच्या महिन्यातही नाही. चालताना दम लागेनासा झाला. तिनं मनोमन मावशीला दुवा दिला.

आता डॉक्टर कोझ्मा तिच्यावर वाकली होती. पडद्यापलीकडे वरून पाठवलेला माणूस पेन घेऊन बसला होता. डॉक्टरबाईचा हात मध्येच थांबला. तांबीचा दोरा दिसला असणार. वेतूरियानं डोळे मिटले. आपण तुरुंगात गेलो तर पोरांना कोण बघेल, एवढंच तिच्या मनात आलं.

आत हलकासा हिसका बसला. तिनं डोळे उघडले. डॉक्टरबाईनं काहीतरी गुपचूप कोटाच्या खिशात टाकलं होतं. वेतूरियाला तिचा हात धरून रडावंसं वाटलं.

"कुणी बसवली?" डॉक्टरबाईनं अगदी हळू विचारलं.

"ते नका विचारू. औषधाची आहे, डॉक्टरबाई. रक्त आटतं तिनं. माझं आटलंसुद्धा."

डॉक्टरबाई तिच्या कानाशी वाकली.

"औषधाची कुठली, बाई. फसवलं तुला. साधी तांबीच होती, तीसुद्धा जागेवरून सरकलेली. तांबीनं रक्त वाढतं. थांबत नाही."

वेतूरियाला काही कळायच्या आत पलीकडून आवाज आला, "डॉक्टर, हिचं काय लिहू?"

डॉक्टरबाईनं नळ सोडला. हात धुताना तिनं मान वर केली नाही.

"गरोदर."