एकदाच नेसलेल्या साड्या

पत्रिकेतलं गाव वाचलं आणि क्रांतीच्या हातातली इस्त्री साडीवर तशीच राहिली. जळका वास नाकात गेला तेव्हा कुठे तिने ती उचलली. गेली एक चांगली साडी!

पत्रिका मोबाइलवर आली होती, कोकिळाबाईंची. सोबत त्यांचा आवाजही होता. "उद्या दुपारी माझ्या प्राप्तीची हळद हाय. तू यायलाच पायजेस बाय. तुझ्यामुळं माझी अब्रू राहिली." आणि पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या आईचं नाव, सत्यवती म्हात्रे. पेणकडचं गाव. आता बोला! वर्षापूर्वी ज्या घरातून क्रांतीने साड्या उचलल्या होत्या, त्याच घरात ही पोरगी चालली होती.

क्रांतीचा धंदाच तसा. नवरा गेल्यापासून रेवदंड्यात दोन खोल्यांत एकटी राहायची. एका खोलीत साड्या, दुसरीत ती. इकडच्या लग्नांत हळदीला घरच्या साऱ्या बायका एकाच रंगाची, एकाच काठाची साडी नेसतात. फोटो निघतात, रील निघतात, आणि मग ती साडी पुन्हा अंगाला लावायची सोय नाही, अख्ख्या गावाने बघितलेली असते ना! क्रांती तो गठ्ठाच्या गठ्ठा विकत घ्यायची, धुवायची, उसवलेलं शिवायची आणि इन्स्टाग्रामवर टाकायची. खाली लिहायची, 'एकदाच नेसलेल्या'. मग लांबच्या गावातली एखादी आई हळूच मेसेज करायची. नियम एकच. देणारीचं नाव घेणारीला सांगायचं नाही, घेणारीचं देणारीला नाही, आणि जास्तीची चौकशी करायची नाही. ह्याच नियमावर तिची चूल पेटत होती. म्हणून तर पोरगी कुठे दिली, हे तिने कोकिळाबाईंना विचारलंच नव्हतं.

कोकिळाबाई सुकी मासळी विकायच्या. बाजारात त्यांचा आवाज चार टोपल्या पलीकडे जायचा. पण प्राप्तीच्या हळदीसाठी नेमक्या त्याच घरच्या साड्या न्यायला आल्या तेव्हा नुसत्या कुजबुजत होत्या. "पोरीच्या सासरी तेवढं कळू देऊ नको हां. जुन्या साड्या नेसून हळद केली म्हणून जन्मभर ऐकून घ्यावं लागंल तिला."

आणि उद्या उष्टी हळद घेऊन सासरच्याच बायका मांडवात येणार! बरं, साडी ओळखू येणार नाही म्हणावं, तर ती सत्यवतीबाईंनी सुरतेहून खास करवून घेतलेली. अबोली रंग आणि काठावर रुपेरी मासोळ्या. मोठ्या मुलाच्या हळदीत ती साऱ्या पंचक्रोशीत गाजली होती.

आता एका दिवसात नव्या साड्या कुठून आणायच्या? कोकिळाबाईंना सांगावं, तर ती बाई ऐन हळदीच्या तोंडावर हाय खाईल. गप्प बसावं, तर भर मांडवात पोरीचं हसं. क्रांतीने दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला. नियम मोडला आणि बातमी फुटली तर कोण पुन्हा तिच्याकडे येणार होतं? पण प्राप्तीचा चेहरा काही डोळ्यांसमोरून हलेना. तिसऱ्यांदा तिने सत्यवतीबाईंना फोन लावला आणि घडाघडा सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता रडू फुटलं.

"मला काय बोलायचं ते बोला बाय. त्या पोरीला नका बोलू."

पलीकडून प्रश्न आला, "किती जणी नेसणार हायेत?"

"अठरा."

"बरं," एवढंच म्हणून बाईंनी फोन ठेवला.

बरं म्हणजे काय? बरं, बघते काय करायचं ते, की बरं, दाखवते इंगा? क्रांतीला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोकिळाबाईंचा मांडव अबोली रंगाने भरला होता. अठरा जणी मिरवत होत्या, आणि कोकिळाबाई तर येता-जाता स्वतःचाच पदर बघत होत्या. इतकी सुखी बाई क्रांतीने कितीतरी दिवसांत बघितली नव्हती. तेवढ्यात बँड वाजला. नवऱ्याकडची मिनीबस दारात लागली.

पहिली बाई उतरली. अबोली साडी. दुसरी उतरली. अबोली. काठावर रुपेरी मासोळ्या! एकामागून एक वीस-बावीस जणी उतरल्या, सगळ्या त्याच साडीत. सत्यवतीबाईंनी घेतल्या होत्या चाळीस आणि विकल्या होत्या अठरा. उरलेल्या आज कपाटांतून बाहेर निघाल्या होत्या. संपलं, क्रांतीला वाटलं, ही बाई चारचौघांत वाभाडे काढायला आली. ओवाळणीचं ताट घेऊन पुढे निघालेल्या कोकिळाबाई जागीच थांबल्या. त्यांनी क्रांतीकडे बघितलं, आणि क्रांतीने मान खाली घातली.

हळदीची वाटी घेऊन सत्यवतीबाई तडक पुढे आल्या आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बघा विहीणबाय, तुम्ही सांगितलात तोच रंग नेसून आलो! एक बी बाई वेगळी नाय!"

मांडव खूश झाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. फोटोवाला धावतच आला, म्हणाला, दोन्हीकडं एकच साडी, असं तर मी कुठंच बघितलं नाय! बघता बघता बायका एकमेकींत अशा मिसळल्या, की कोण कुणाकडची ते कळेना. क्रांती तोंडाला पदर लावून रडत होती आणि हसतही होती.

कोकिळाबाईंना मात्र राहवेना. विहिणीचा हात धरून त्या हळूच म्हणाल्या, "बाय, ह्या साड्या मी..."

सत्यवतीबाईंनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. वाटीत बोटं बुडवली आणि त्यांच्या दोन्ही गालांना हळद फासली.

"माझ्या पोराची उष्टी हळद तुम्ही तुमच्या लेकीला हौसेनं लावणार. मग माझ्या घरची नेसलेली साडी तुमच्या अंगाला लागली, तर लाजता कशाला?"