सात फडकी

वैष्णवीनं तिसऱ्यांदा जांभई दिली, तशी शिवकांता सिस्टर हातातलं काम टाकून तिच्या खाटेपाशी आली. सकाळी सातला बाळंत झालेली पोरगी. दमलेलं माणूस गाढ झोपतं. असं जांभया देत 'पाणी, पाणी' करत नाही.

सिस्टरनं तिचं मनगट धरलं. नाडी एकशे चोवीस. पुन्हा मोजली, एकशे अठ्ठावीस. बीपी मात्र एकशे दहा-सत्तर, अगदी पुस्तकातलं.

तिनं डॉक्टरसाहेबांना फोन लावला. राउंड उरकून ते नवरात्रातल्या ड्यूटीसाठी तुळजापूरला निघाले होते.

"सर, वैष्णवीची नाडी वाढतीय. अंगावरून जास्त जातंय असं वाटतंय मला."

"वाटतंय? अकराला मीच बघितलं की. चादर पांढरीशुभ्र होती. बीपी किती?"

"एकशे दहा-सत्तर."

"मग? पहिलटकरीण आहे, घाबरली असेल. तुम्ही उगं घाबरू नका, सिस्टर."

फोन बंद. बावीस वर्षं बाळंतपणं केली, तरी तिच्या 'वाटतंय'ला किंमत नव्हती. आग लागो त्या बीपीला! कोवळं अंग शेवटपर्यंत बीपी धरून ठेवतं आणि सोडतं तेव्हा एकदम सोडतं. हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी दोनदा पाहिलं होतं.

तिनं वैष्णवीच्या पोटावर हात ठेवला. बेंबीखाली गर्भाशयाचा नारळासारखा घट्ट गोळा लागायला हवा होता. हाताला लागली भिजवलेली कणीक. चोळून दाबलं, तसं रक्त भळकन खाली आलं. सिस्टरनं कुणाला न विचारता सलाईन जोडलं, इंजेक्शन दिलं. तिच्या हातात होतं तेवढं सगळं केलं आणि वैष्णवीचं पोट दाबून उभी राहिली.

पायथ्याशी सासू बसली होती, सास्तूरची धुरपदाबाई. मांडीवर नात.

"मावशी, सकाळपासून किती फडकी बदलली?"

"सात झाली असतील."

"सात! कुठायत?"

"धुतली की. मागं तारंवर टाकल्यात."

"अहो, मला का नाही दाखवली?"

"तुमीच न्हाय का सकाळी कावला? ही घाण काय करून ठिवलीय, सायेब यायच्या आत समदं निर्मळ पायजे म्हनून?" धुरपदाबाई आवाज खाली आणून म्हणाली, "आन् बाप्या मानसाला रगात कसं दावावं, बाई? म्या लई घासून धुतली. चादरबी घरची घातली."

सिस्टरला आपलेच शब्द ओळखू आले. ती म्हणाली होती. रोज सकाळी प्रत्येक खाटेपाशी म्हणायची. आजही म्हणाली होती.

रुग्णवाहिकेसाठी एकशे आठला फोन लावला. गाडी तुळजापूरच्या गर्दीतून यायला दीड तास लागणार होता. दवाखान्याची व्हॅन दारात होती, पण तिच्यात नुसता ड्रायव्हर. बाईबरोबर सिस्टरनंच जायला हवं होतं. आणि पलीकडच्या खोलीत दुसरी एक बाई कळा देत ओरडत होती, बाळाचं डोकं दिसायला लागलं होतं. दवाखान्यात सिस्टर एकच. आता तिनं स्वतःला उभं चिरावं की काय करावं?

वैष्णवीला व्हॅनमध्ये घालताना बीपी ऐंशी झालं. आता आकडाही सिस्टरच्या बाजूनं बोलत होता. उपयोग काय? साहेबांचा फोन लागत नव्हता.

वैष्णवीच्या नवऱ्याला, सोमेशला, तिनं बाळ दिलं आणि पुढं बसवलं. मग धुरपदाबाईचा हात ओढून सुनेच्या पोटावर ठेवला. साबणानं तळवा पांढरा पडला होता.

"इथं. गोळा लागला का हाताला?"

"व्हय."

"मऊ पडला की असं जोरानं चोळायचं. धाराशिवचा मोठा दवाखाना येईपर्यंत हात काढायचा नाही."

"सव्वा तास? बाई, माजा हात गळाला तर?"

"गळू द्यायचा नाही, मावशी." सिस्टरनं तिचा हात आणखी खाली दाबला. "आणि आता एकही फडकं धुवायचं नाही. तिथल्या डॉक्टरला जसंच्या तसं दाखवायचं."

धुरपदाबाईनं मान हलवली. नजर हातावरून उचलली नाही. "वैष्णवे," ती म्हणाली, "ये वैष्णवे, डोळं मिटू नगंस." व्हॅन निघाली.

पलीकडून किंकाळी आली. "आले गं, आले, जोर कर!" असं ओरडतच सिस्टरनं धाराशिवला फोन लावला आणि केस पाठवल्याचं सांगितलं.

"रक्त तयार ठेवते," तिकडच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "साधारण किती गेलंय?"

सिस्टर फोन कानाला लावून मागच्या दारात आली.

"हॅलो, सिस्टर? अंदाज तरी सांगा. किती गेलं?"

तारेवर सात फडकी ओळीनं वाळत होती. एकावरही डाग नव्हता.