किल्ल्यावरचं गवत

मॉनिटरवर नवख्या अबोलीचा टेबलाएवढा किल्ला खराखुरा डोंगर होऊन उभा राहिला, आणि हिंदुरावांच्या पोटात दुखायला लागलं. सिनेमांसाठी छोटे वाडे, पूल, किल्ले करण्यात त्यांची हयात गेली होती. पण हिरवा रंग दिलेल्या त्यांच्या भुशाला पंख्याच्या वाऱ्यावर असं डुलणं कधी जमलं नव्हतं. या पोरीने दिवाळीतल्या किल्ल्यासारखी चक्क मोहरी पेरली होती.

मग नायक आजारी पडला. शूटिंग थांबलं, अबोली गावी गेली. हिंदुराव मात्र रोज स्टुडिओत येऊन किल्ल्यावर गुपचूप पाणी शिंपडत राहिले. माजू दे गवत. आधीच्या शॉटशी जुळलं नाही, की उतरेल पोरीचा तोरा!

आठवड्याने ते माजलेलं रान बघून दिग्दर्शक नाचायलाच लागला. "शेवटच्या सीनमधला ओसाड किल्ला आयता मिळाला! आधी हा घेऊ, मग गवत कापून बाकीचं."

अबोली हिंदुरावांच्या पाया पडली. "काका, वॉचमन म्हणाले, पाणी तुम्ही घातलंत. मी तर कुणाला सांगायचंच विसरले होते. सगळं वाळून गेलं असतं."

हिंदुरावांच्या डोळ्यांपुढे तो पिवळा, माना टाकलेला किल्ला उभा राहिला. त्यासाठी त्यांना नुसतं घरी बसायचं होतं.